परदेशी विद्यापीठाशी करार झाला, पुढे काय?

वाणिज्य आणि व्यवस्थापन या शाखांत परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या भागीदारीविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. नागपूर-अमरावती शहरांपेक्षा तालुक्याच्या गावांतूनच अधिक पत्रे आली आणि त्यांत उत्सुकतेइतकीच शंकाही दिसली. पत्रे संक्षेपाने दिली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे वाणिज्य महाविद्यालय अमरावती जिल्ह्यातील संत्रापट्ट्यात आहे. दीड वर्षापूर्वी स्पेनमधील एका विद्यापीठाशी आमच्या संस्थेने सामंजस्य करार केला. समारंभ झाला, वृत्तपत्रांत छायाचित्र आले. त्यानंतर चार ईमेल सोडले तर काहीही घडले नाही. हा करार कार्यान्वित कसा करावा? — एक प्राचार्य

उत्तर : प्राचार्य महोदय, आपण कराराची प्रत सोबत पाठवलीत हे फार बरे केले. त्यातील एक कलम म्हणते की, दोन्ही पक्ष परस्परहिताच्या क्षेत्रांत सहकार्याच्या शक्यता तपासून पाहतील. आणि त्याच पानावर खाली दुसरे कलम म्हणते की, या करारामुळे कोणत्याही पक्षावर आर्थिक बंधन येणार नाही. शक्यता कोणी तपासायच्या, केव्हा तपासायच्या आणि कोणत्या विषयात, याचा मात्र पत्ताच नाही. यात कोणाची लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. परदेशी विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांत असे मसुदे तयारच असतात, आणि आपल्याकडे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या तिसऱ्या निकषात करारांची नोंद होत असल्यामुळे स्वाक्षरीची घाई असते. पण नॅकही कार्यरत करारांविषयीच विचारते. करारान्वये कोणता उपक्रम झाला, किती विद्यार्थी सहभागी झाले, याचा पुरावा मागते. छायाचित्रावर तिथे फार काळ निभावत नाही.

माझी सूचना अशी आहे की, कराराला हात न लावता त्याच्याखाली एका पानाचे कार्यपत्र करावे. त्यात तिकडच्या एका आणि इकडच्या एका प्राध्यापकाचे नाव, एक विषय आणि एक वेळापत्रक, एवढेच असावे. विद्यार्थ्यांची परदेशवारी, प्राध्यापकांची देवाणघेवाण, संयुक्त पदवी हे सगळे शब्द पहिल्या वर्षी बाजूला ठेवावेत. विषय शोधायला तर आपल्याला गावाबाहेर जाण्याचीही गरज नाही. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचा वालेन्सिया प्रांत संत्र्यासाठी जगभर ओळखला जातो. तेथील अनेकोप ही १९७५ साली स्थापन झालेली संस्था म्हणजे सहकारी संस्थांची सहकारी संस्था आहे. गावोगावच्या उत्पादक संस्थांचा माल ती एकत्रितपणे विकते. आपल्याकडे वरूड-मोर्शीत आंबिया बहराची बाग अनेकदा झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याला ठोक दिली जाते, तोडणीचा खर्च आणि भावाचा धोका त्याच्याकडे जातो आणि भाव चढला तर त्याचा फायदाही त्याच्याकडेच जातो. बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क वाढवल्यावर या व्यवहारात कोणाचे किती गेले, हे आपल्या विद्यार्थ्यांच्या घरातच माहीत आहे. ग्राहकाने मोजलेल्या किमतीतून बागाईतदाराच्या हाती किती येते, हा एकच प्रश्न घेऊन दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी सहा आठवडे काम केले, तरी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातील विपणन, वित्त, पुरवठा साखळी आणि सहकार ही चारही प्रकरणे आपोआप उघडतात.

काही व्यावहारिक गोष्टी आधीच ठरवल्या नाहीत तर मात्र घोडे पेंड खाते. आपले पहिले सत्र जून-जुलैपासून चालते, त्यांचे सप्टेंबरात सुरू होते. त्यामुळे एकत्र काम करण्याजोगा काळ सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंतचाच उरतो. आपल्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा स्पेनमध्ये उन्हाळी वेळेप्रमाणे साडेबारा झालेले असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना वर्ग भरवता येतो. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांची घड्याळे मागे जातात आणि हे अंतर साडेचार तासांचे होते, हे विसरू नये. मुख्य गोष्ट गुणांची. आपले महाविद्यालय संलग्न असल्यामुळे नवा अभ्यासक्रम सुरू करण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आहे. परंतु अंतर्गत मूल्यमापन आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेला क्षेत्र प्रकल्प यांत हे काम बसवता येते. जे काम गुणपत्रिकेत उमटत नाही ते तिसऱ्या आठवड्यानंतर कोणी करत नाही. विद्यार्थ्यांना त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही, प्राध्यापकही करत नाहीत.

प्रश्न : मी बुलढाणा जिल्ह्यातील कास्तकार आहे. मुलीने बारावी कॉमर्स केले. शहरातील एका खासगी संस्थेचा माणूस घरी येऊन गेला. त्यांचा ‘इंटरनॅशनल बीबीए’ आहे, तिन्ही वर्षे इथेच शिकायचे आणि पदवी मात्र इंग्लंडच्या विद्यापीठाची मिळेल, असे तो म्हणतो. शुल्क आमच्या वर्षभराच्या कापसाच्या पैशापेक्षा जास्त आहे. कर्ज काढावे का? ही पदवी सरकारी नोकरीला चालेल का? — एक पालक

उत्तर : दादा, खाली दिलेले कागद हाती येईपर्यंत एक रुपयाही भरू नका आणि जमिनीच्या कागदांना तर अजिबात हात लावू नका.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली याविषयी नियम केले. त्यांत भारतीय आणि परकीय संस्थांनी मिळून पदवी देण्याचे तीन प्रकार मान्य केले आहेत. पहिल्या प्रकारात, ज्याला ट्विनिंग म्हणतात, विद्यार्थी काही भाग परदेशात शिकतो, परंतु तो एकूण श्रेयांकांच्या (क्रेडिट्सच्या) ३० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि पदवी फक्त भारतीय संस्था देते. दुसरा प्रकार संयुक्त पदवीचा. त्यात दोन्ही संस्थांकडून किमान ३०-३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात आणि दोन्ही संस्थांच्या नावाचे एकच प्रमाणपत्र मिळते. तिसऱ्या, म्हणजे दुहेरी पदवीच्या प्रकारात दोन्ही संस्था आपापली पदवी देतात, मात्र किमान ३० टक्के श्रेयांक भारतीय संस्थेचे असावे लागतात. अशा भागीदारीसाठी भारतीय संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुणांकन, किंवा राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या १०० मध्ये स्थान, किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ हा दर्जा असावा लागतो, आणि परकीय विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थानही पाहिले जाते. पूर्णपणे ऑनलाइन चालणारे अभ्यासक्रम या नियमांत बसत नाहीत.

आता त्या माणसाने तुम्हाला जे सांगितले ते या तिन्हींत कुठे बसते ते पाहा. शिकवणार इथली संस्था, इमारत इथली, प्राध्यापक इथले आणि पदवीवर नाव तेवढे परदेशी विद्यापीठाचे, या व्यवस्थेला फ्रँचायझी म्हणतात आणि ती आयोगाने स्पष्ट शब्दांत नाकारलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने याबाबत जाहीर सूचनाही काढली होती. २०२५ साली परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे जे नवे नियम आले, त्यांतही फ्रँचायझीतून मिळवलेल्या पदवीला समकक्षता मिळत नाही. समकक्षता नाही म्हणजे स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरताना आणि पुढे एम.कॉम. किंवा एम.बी.ए.ला प्रवेश घेताना अडचण येणार. उलट २०२२ च्या नियमांप्रमाणे रीतसर चाललेल्या कार्यक्रमाची पदवी भारतीय पदवीच्या बरोबरीचीच मानली जाते, तिला वेगळे समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही.

म्हणून संस्थेकडून तीन गोष्टी लेखी मागा. भारतातील कोणते विद्यापीठ या पदवीला जबाबदार आहे त्याचे पत्र. दोन्ही संस्थांमधील मूळ कराराची प्रत. आणि बीबीएसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता, कारण २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रमही त्या परिषदेच्या कक्षेत आले आहेत. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’, ‘आमची मान्यता थेट लंडनची आहे’ किंवा ‘सीटा दोनच उरल्या आहेत’ यांपैकी एकही वाक्य ऐकू आले तर चहा पाजून माणसाला निरोप द्यावा.

यावरून सर्वच परदेशी विद्यापीठे भारतात बोगस आहेत, असा समज करून घेऊ नये. ऑस्ट्रेलियाच्या डीकिन आणि वोलोंगॉंग या विद्यापीठांनी गुजरातच्या गिफ्ट सिटीत आणि इंग्लंडच्या साउदम्प्टन विद्यापीठाने गुरुग्राममध्ये स्वतःचे परिसर उघडले आहेत. तिथे विद्यापीठ स्वतः शिकवते आणि स्वतः पदवी देते. ते शुल्क तुम्हाला झेपेल का, हा प्रश्न वेगळा. मला विचाराल तर मुलीला जवळच्या चांगल्या महाविद्यालयात पदवी घेऊ द्यावी आणि परदेश पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावा. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत निवड झालेल्या शिष्यवृत्तीधारकाला दरमहा १,४०० युरो मिळतात, किमान दोन देशांत शिकायला मिळते आणि अर्ज थेट विद्यापीठांच्या गटाकडे करायचा असल्यामुळे दलालाचे काही काम नसते. स्पर्धा तीव्र आहे, पण अर्ज करायला शेत गहाण टाकावे लागत नाही. आपण अनुसूचित जातीच्या प्रवर्गातील असाल तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत, त्यांची चौकशी जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात करावी.

प्रश्न : मी वाशिम जिल्ह्यात वाणिज्य विषयाची सहायक प्राध्यापक आहे. युरोपातील एका विद्यापीठाच्या व्यवसाय प्रशासन विभागातील प्राध्यापकांनी ‘शेतकरी आणि व्यापारी यांच्यातील विश्वास’ या विषयावर चारशे सोयाबीन उत्पादकांचे सर्वेक्षण करून देण्याविषयी विचारले आहे. प्रश्नावली त्यांचीच आहे. शोधनिबंधात माझे नाव ‘ऋणनिर्देशात’ येईल असे ते म्हणतात. मी होकार द्यावा का? — एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, होकार द्या, पण या अटींवर नव्हे.

आपण पाठवलेली प्रश्नावली मी वाचली. पहिलेच विधान आहे : ‘मी ज्या व्यापाऱ्याला माल विकतो तो प्रामाणिक आहे’, आणि शेतकऱ्याने एक ते सात यांपैकी आकडा सांगायचा. समजा, आपला विद्यार्थी दिवाळीनंतर बाजार समितीच्या आवारात उभा आहे. समोरच्या कास्तकाराने पेरणीला त्याच अडत्याकडून उचल घेतली होती. अडत्या दहा पावलांवर पोत्यात हात घालून दाणे पाहतो आहे. हा माणूस सात सोडून दुसरा कोणता आकडा सांगणार? असे चारशे सात जमा होतील, तिकडे संगणकावर त्यांचे सुरेख विश्लेषण होईल आणि विदर्भातील शेतकऱ्यांचा व्यापाऱ्यांवर अढळ विश्वास असल्याचे सिद्ध होईल. याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

त्याऐवजी काय विचारावे, हे आपल्याला माहीत आहे. ओलावा कोणाच्या यंत्रावर मोजला आणि त्यापोटी क्विंटलमागे किती कपात झाली? हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. ते आपल्या गावापर्यंत कधी पोहोचले? चुकारा किती दिवसांनी झाला? भाव पसंत नसताना माल परत घरी नेण्याइतकी ऐपत कोणाची होती? विश्वास मोजायचा तर तो अशा वागण्यातून मोजता येतो. प्रश्नावली अशी बदलण्याचे काम आपण केले, की आपण केवळ माहिती गोळा करणाऱ्या राहत नाही; संशोधनाच्या मांडणीत आपला बौद्धिक वाटा पडतो आणि लेखकांच्या यादीत आपले नाव येणे हा आपला हक्क ठरतो. शोधनिबंधात कोणी काय केले ते नोंदवण्यासाठी आज ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची पद्धत अनेक नियतकालिके वापरतात. संकल्पना, पद्धती, क्षेत्रकार्य, विश्लेषण, लेखन अशा नोंदी त्यात असतात. सर्वेक्षण सुरू होण्याआधी त्या चौदा ओळींसमोर दोघांची नावे लिहून ईमेलने पक्की करावीत. काम झाल्यावर हा विषय काढला की संबंध बिघडतात.

माहितीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. मूळ नोंदींची पूर्ण प्रत आपल्याकडे राहील आणि आपण त्यावर मराठीतून स्वतंत्र लिहू शकाल, हे लेखी घ्यावे. शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक, गट क्रमांक, बँकेचा तपशील यांपैकी जे लागत नाही ते विचारूच नये, आणि जे लागते ते नावापासून वेगळे करूनच बाहेर पाठवावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला आहे. त्याहीपेक्षा मोठी गोष्ट अशी की, अडत्याविरुद्ध बोललेले वाक्य नावासकट फुटले तर पुढच्या हंगामात त्या घराची उचल बंद होते. परदेशी विद्यापीठाची नीतिमत्ता समिती संमतिपत्राचा इंग्रजी नमुना पाठवील. तो मराठीत वाचून दाखवून, सही घेण्यापूर्वी ‘नाही म्हटले तरी चालेल’ हे तोंडी सांगणे आपल्याच हाती आहे. ते प्राध्यापक स्वतः गावात येऊन मुलाखती घेणार असतील तर त्यांनी संशोधनासाठीचा व्हिसा घेऊनच यावे. पर्यटक व्हिसावर येऊन क्षेत्रकार्य करणे नियमबाह्य आहे, आणि त्याचा ताप यजमान महाविद्यालयाला होतो.

वेळेचे म्हणाल तर त्यांनी सुचवलेला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा म्हणजे ऐन सोंगणीचा. तेव्हा घरी कोणी भेटणार नाही, जानेवारी बरा.

आपण जाता जाता विचारले आहे की, दुसऱ्या एका ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकाने सात दिवसांत निबंध छापून देण्याचे कळवले आहे, तिकडे पाठवावा का. नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०१९ पासून होती, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्यावर अशा दुकानांना आणखी ऊत आला आहे. संपादक मंडळातील दोन जणांना सरळ ईमेल करून विचारावे की, आपण खरोखरच या मंडळावर आहात काय. बहुतेकदा तेवढ्यानेच उलगडा होतो.

प्रश्न : मी हिंगणघाटचा निवृत्त शिक्षक आहे. हार्वर्डची पुस्तके वाचून आलेल्या व्यवस्थापनवाल्यांनी खेड्याचे काय भले केले? आमच्या जिनिंगवाल्याला परदेशी प्राध्यापक काय शिकवणार? — एक वाचक

उत्तर : गुरुजी, आपला रोख योग्य आहे, मात्र निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही.

परदेशाशी असलेला आपल्या गावाचा व्यवहार व्यवस्थापन शिक्षणापेक्षा कितीतरी जुना आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ आणि ‘उमरावती’ (अमरावती) ही कापसाच्या प्रतींची नावे म्हणून चालत होती. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे शाखा सुरू करायला आले ते कापसासाठीच. माल इथला, नाव इथले. परंतु भाव कसा ठरतो याचे ज्ञान तिकडेच राहिले. परदेशी व्यापारशास्त्र आपल्याला नको असे म्हणताना ही बाजूही लक्षात घ्यावी लागते.

आणि ते शास्त्र शिकून आलेला माणूस खेड्याच्या कामी येतच नाही असे म्हणावे, तर आपल्याच जिल्ह्यात गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा होऊन गेले. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय, मग अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय प्रशासनाची पदवी आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास, एवढे करून हा माणूस १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहायला वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिला. घाण्याचे तेल, हातकागद, गूळ यांचा ताळेबंद त्यांनी मांडला तो त्या शिक्षणाच्या बळावरच.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची गोष्टही पूर्ण पाहायला हवी. १९६१ साली ती स्थापन झाली तेव्हा विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने हार्वर्डच्या व्यवसाय प्रशाळेशी सहकार्य ठरले, फोर्ड फाउंडेशनने पैसा दिला, आणि हार्वर्डची प्रकरणाभ्यासाची (केस स्टडीची) पद्धत इकडे आली. (त्याच वर्षी स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या संस्थेने बोस्टनजवळच्याच एमआयटीचा हात धरला होता.) परंतु अहमदाबादने पद्धत घेतली आणि प्रकरणे स्वतः लिहायला घेतली, शेती व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्र काढले; आणि पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई पद सोडल्यानंतर १९७५ पासून राजस्थानातील जवाजा येथे विणकर आणि चर्मकार कुटुंबांबरोबर काम करू लागले. त्याच अहमदाबादच्या मार्गदर्शनाखाली २०१५ साली नागपूरची संस्था सुरू झाली. तेव्हा दोष परदेशी सहकार्याचा नाही, ते घेतल्यावर आपण पुढे लिहिणे थांबवतो त्याचा आहे. आज आपल्या भागातील बहुतेक महाविद्यालयांत प्रकरणाभ्यास म्हणून शिकवले जाते ते परदेशी कॉफीच्या दुकानाचे आणि मोटार कंपनीचे, आणि इथे आपला संताप मला मान्य आहे.

जिनिंगवाल्याला परदेशी प्राध्यापक काय शिकवणार, हा प्रश्न मी उलटा करीन. कापसाला रुईचा उतारा किती पडेल याचा अंदाज कापूस हाताळूनच बांधणारा, सरकीच्या भावावर कापसाचा भाव तोलणारा, खंडीच्या दरात दोनशे रुपयांचा फरक पडला तर बँकेच्या कॅश क्रेडिटचे काय होईल हे तोंडी सांगणारा माणूस वर्गात आणून बसवावा, त्याच्या एका हंगामाचे हिशेब त्याच्या परवानगीने मांडावेत आणि ते प्रकरण भागीदार विद्यापीठाच्या वर्गात शिकवायला द्यावे. प्रकरणाभ्यास लिहिण्याची शिस्त त्यांच्याकडून शिकता येईल. कापसाचा धंदा त्यांना आपल्याकडून शिकावा लागेल.

प्रश्न : आमची शिक्षण संस्था गोंदिया जिल्ह्यात आहे. युरोपीय संघाच्या प्रकल्पात आम्हाला भागीदार केले असून काही रक्कम संस्थेच्या खात्यात येणार आहे. नेहमीच्या खात्यात घ्यावी का? — एक संस्था सचिव

उत्तर : नाही. परदेशी स्रोताकडून आलेले अनुदान परकीय योगदान नियमन कायदा, २०१० खाली येते. त्यासाठी संस्थेची नोंदणी किंवा त्या रकमेपुरती पूर्वपरवानगी केंद्रीय गृह मंत्रालयाकडून घ्यावी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि आलेल्या रकमेतून शेजारच्या महाविद्यालयाला वाटा देता येत नाही. परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क किंवा दिलेल्या सेवेचा रीतसर मोबदला याला ही व्याख्या लागू होत नाही, पण आपली रक्कम त्यात बसते की नाही हे कराराचा मसुदा दाखवून सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे. विश्वस्तांपैकी एखाद्याच्या खासगी खात्यात ‘तात्पुरती’ रक्कम घेण्याचा विचार आपल्या पत्रात डोकावतो. तो तिथेच सोडून द्यावा. परवानगीला महिने लागतात, म्हणून प्रकल्पाच्या वेळापत्रकात ती मुदत आधीच धरायला भागीदारांना सांगावे.

प्रश्न : मी आर्वीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन गटप्रकल्प सुरू होणार आहे. माझे इंग्रजी कच्चे आहे. नाव द्यावे का? प्रमाणपत्राचा उपयोग होतो का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : नाव जरूर द्यावे. या पद्धतीला ‘कॉइल’ म्हणतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ साली तिचे केंद्र सुरू केले. दोन देशांतील दोन वर्ग एकच काम मिळून करतात आणि गुण आपापले प्राध्यापक देतात. पासपोर्ट लागत नाही, वेगळे शुल्क सहसा नसते. नुसत्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात फारसे वजन नाही, हे आधीच सांगतो. मुलाखतीत ‘मी पोलंडच्या दोन विद्यार्थ्यांबरोबर दूध संकलनाच्या खर्चाची तुलना केली आणि त्यातला भारताचा तक्ता माझा होता’ असे सांगता आले, तर मात्र समोरचा पुढचा प्रश्न त्याच तक्त्यावर विचारतो.

इंग्रजीबद्दल एवढी धास्ती नको. पोलंड, स्पेन किंवा व्हिएतनामच्या विद्यार्थ्यांचीही ती मातृभाषा नसते. तुम्हाला अडचण बोलण्यापेक्षा ऐकताना जास्त येईल, म्हणून बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी लिहून मागा आणि आपले म्हणणे चार-पाच वाक्यांत आधी लिहून ठेवा. गटात काम वाटताना आकडे गोळा करण्याचे आणि तक्ता करण्याचे काम मागून घ्या. त्यात बोलण्याचा संकोच आडवा येत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून सगळे प्रश्न तुम्हालाच विचारू लागतात. वीज किंवा नेटवर्क गेले तर काय, हे पहिल्याच बैठकीत गटाला सांगून ठेवा आणि तक्ता फोनवर नव्हे तर सर्वांना उघडता येईल अशा फाइलमध्ये ठेवा. हा प्रकल्प अंतर्गत गुणांत धरला जाणार आहे की क्षेत्र प्रकल्पाऐवजी चालणार आहे, हे नाव देण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून विचारून घ्या, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर एकाच विषयासाठी दोन प्रकल्प करण्याची पाळी येणार नाही.